भिंतीपाशी जून काय म्हणाली

रतनचं पत्र आलं तेव्हा राधाबाई पिठाच्या गिरणीत होत्या. ज्वारीचा डबा वर चढला होता, पट्टा फडफडत होता. त्या आवाजात कुंडलिक दारात उभे राहून काहीतरी ओरडले ते त्यांना मुळीच कळलं नाही.

"काय फुटलं?" त्यांनी विचारलं.

"तिकीट!" कुंडलिक ओरडले. "तिकीट पाठवतोय! तुझं!"

"माझं एकटीचं?"

"माझंही पाठवत होता. मीच मागं कळवलं, मी विमानात बसणार नाय म्हणून."

गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला तेव्हा शेवटचं वाक्य सगळ्यांना मोठ्यानं ऐकू गेलं आणि रांगेतल्या बायका हसल्या. असं घाटकोपरच्या त्या टेकडीवरच्या वस्तीला कळलं, की कुंडलिकची बायको इंग्लंडला चालली.

हे एकोणीसशे शहाऐंशी सालातलं. रतन त्यांचा एकुलता एक मुलगा. इंजिनिअर झाला, सात वर्षांपूर्वी पुढच्या शिक्षणाला इंग्लंडला गेला, तिकडे उत्तरेला न्यूकॅसल नावाच्या शहरात पंपांच्या कारखान्यात लागला आणि ब्याऐंशी साली तिथल्याच एका मुलीशी कोर्टात लग्न करून मोकळा झाला. फोटो तेवढा आला. मुलीचं नाव जून. शेजारच्या खोलीतली वनमाला मूळची कणकवलीकडची. तिनं नाव ऐकलं आणि म्हणाली, "जून? भेंडी जून होता तशी गो?" मग पोरांनी "जून सून, जून सून" असं महिनाभर चालवलं. राधाबाईंना राग यायचा आणि हसूही यायचं.

मध्ये रतन एकदा येऊन गेला, पण एकटाच. तिला रजा मिळाली नाही म्हणाला.

कुंडलिक विक्रोळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते, आता रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. बोलणं कमी. निघायच्या दिवशी टॅक्सीत बॅग ठेवताना ते म्हणाले, "रतन दर पत्रात लिहितो, सगळं बरं आहे. एवढं बरं कुणाचंच नसतं. तू सून बघून ये आणि मला सांग."

लंडनला रतन घ्यायला आला होता. पुढे साडेतीन तास आगगाडी. एकसारख्या लाल विटांच्या घरांची रांग होती, त्यातल्या एका दारात जून उभी होती. उंच, हाडं मोठी, केस गव्हाळ. तिनं हात जोडले आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "नमस्कार, आई. या. बसा." राधाबाईंना एकदम बरं वाटलं.

पण त्याच संध्याकाळी एक गोष्ट त्यांना चमत्कारिक वाटली. चहा करताना जूनला आपल्याच स्वयंपाकघरात साखर सापडेना. तिनं एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं, खालचा खण ओढला. शेवटी रतननं बाहेरून येऊन न बघता वरच्या फळीवरून बरणी काढून दिली. राधाबाई मनात म्हणाल्या, नोकरी करते, स्वयंपाक तोच करत असेल. इकडची रीत असेल.

मग रीत असेल, रीत असेल असं पुष्कळ साठत गेलं. जून एका लायब्ररीत कामाला होती. तिचे कपडे पलंगाखालच्या बॅगेत असायचे, आणि कपाट अर्धं रिकामं. जिन्यातल्या भिंतीवर चौकोनी फिकट डाग होते, तसबिरी काढल्यावर राहतात तसे. सकाळी पुढच्या खोलीत सोफ्यावर उशी आणि रजई घडी करून ठेवलेली दिसे.

"इथं कोण झोपलं होतं?" त्यांनी रतनला विचारलं.

"मी. पाठ धरलीय आई. मऊ गादी चालत नाही."

सोफा काय फळी होता? पण मुलगा सांगतो म्हटल्यावर त्यांनी तेही मानलं.

बरं, दोघांत भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. एकमेकांशी ती दोघं फार जपून बोलत, पाहुणे बोलतात तशी. आणि जून राधाबाईंचं जे करत होती ते कुठल्या सुनेनं केलं नसतं. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या टाचांच्या भेगा पाहिल्या. संध्याकाळी येताना औषधाची ट्यूब आणि लोकरीचे मोजे घेऊन आली, टबात गरम पाणी ओतलं, आणि खाली बसून त्यांचे पाय स्वतः पाण्यात धरले. राधाबाई संकोचानं अर्ध्या झाल्या. त्यांचे पाय आजवर कुणी धरले नव्हते. "नको गं, नको गं," त्या म्हणत राहिल्या. जूनला तो शब्द आवडला. जेवताना राधाबाई आग्रह करून वाढायला लागल्या की ती ताटावर हात आडवा धरून म्हणायची, "आई, भाकरी नको! नको!" नाही म्हणायचं असलं की तिच्याकडे तेवढा एकच शब्द होता. बाकी चहा, पाणी, घर, बस, छान. राधाबाईंचं इंग्रजीही त्याच मापाचं.

तिसऱ्या रविवारी रतन त्यांना भिंत दाखवायला नेणार होता. आदल्या दिवशी जेवताना त्यानं सांगितलं, "इथून तासाभरावर डोंगरात आहे. रोम म्हणून एक शहर, तिथल्या राजाचं राज्य इथवर होतं. ही त्याची शेवटची हद्द. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापासून समुद्रापर्यंत भिंत घातली."

"का?"

"पलीकडे त्याचं राज्य नव्हतं ना. रानटी लोक होते. म्हणजे रोमन त्यांना तसं म्हणायचे."

"आणि ते स्वतःला काय म्हणायचे?"

रतन घास घेता घेता थांबला. "ते कुणी लिहून नाही ठेवलं, आई."

रविवारी सकाळी कारखान्यातून फोन आला, कसलंसं मशीन बंद पडलं. रतन निघाला. "जून नेईल तुला," तो म्हणाला. जाण्यापूर्वी तो आणि जून स्वयंपाकघरात दार लोटून बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. जून बाहेर आली ती तोंड लाल करूनच. तिनं न्याहारीला हात लावला नाही. राधाबाईंनी शेंगदाण्याचे चार लाडू कागदात बांधून घेतले.

जूनची गाडी छोटी, खोकणारी. शहर संपलं आणि रस्ता चढायला लागला. राधाबाईंनी इतकं हिरवं आणि इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. झाड जवळपास नाहीच. गवताचे डोंगर एकामागून एक, लाटा थिजल्यासारखे, त्यांच्यावरून ढगांच्या सावल्या धावत होत्या. दगड रचून केलेले बांध, आणि मेंढ्या. माण तालुक्यातल्या त्यांच्या गावालाही मेंढ्या होत्या, पण त्या बिचाऱ्या वाळलेल्या. इथल्या गाद्यांसारख्या दिसत होत्या.

गाडी खाली लावून दोघी चढ चढल्या. राधाबाईंनी नऊवारीवर रतनचा कोट घातला होता, पायात लोकरीचे मोजे आणि कॅनव्हासचे बूट. वारा पदर ओढत होता. वर पोचल्यावर जूननं हात पसरला आणि म्हणाली, "वॉल."

राधाबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. "कुठाय?"

जूननं त्यांच्या पुढ्यातल्या दगडांवर थाप मारली.

हीच? छातीइतकी उंच. वरती गवत उगवलेलं. वस्तीखालच्या रेल्वेच्या भिंतीपेक्षा ठेंगणी. राजानं घातली म्हणून राधाबाईंच्या मनात बुरूज, दरवाजे, तोफा असं काहीबाही होतं. पण मग त्यांनी लांब पाहिलं. ती भिंत डोंगराच्या धारेवरून खाली उतरत होती, पुन्हा चढत होती, पुन्हा उतरत होती, पार धुकं लागेपर्यंत. पलीकडच्या अंगाला कडा तुटलेला, खाली काळं तळं. एवढ्या लांब, एवढ्या वाऱ्यात, दगड कुणी वाहून आणले असतील? राजानं खास नव्हे.

भिंतीला लागून किल्ल्याचे पाये होते. नुसते गुडघाभर. पाट्या इंग्रजीत. जून वाचायची आणि हातवारे करायची. एका ठिकाणी दगडी खांब रांगेनं उभे होते. राधाबाईंनी जमीन उचलल्यासारखा हात केला, "धान्य? ओल लागू नये म्हणून?" जूननं पाटी वाचली आणि आश्चर्यानं मान डोलावली. पुढे कोपऱ्यात एक लांबट खड्डा होता, कडेनं दगडी पाट, पाणी वाहायला उतार. राधाबाई क्षणभर बघत राहिल्या आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं, हा तर संडास! सार्वजनिक!" त्यांनी नाक धरून, रांगेत उभं राहून दाखवलं. जून हसायला लागली ती थांबेचना. दोघी त्या दोन हजार वर्षांच्या संडासापाशी डोळे पुसत हसल्या.

मग राधाबाईंनी त्यांना पडलेला प्रश्न विचारला. भिंतीच्या एका बाजूला बोट दाखवलं, मग दुसऱ्या. "आतलं कुठलं? बाहेरचं कुठलं?"

जूनला कळलं. दक्षिणेकडे हात करून म्हणाली, "रोमन." कड्याकडे हात केला, "नो रोमन."

"आणि हे?" किल्ल्याच्या दरवाजाबाहेर उतारावर आणखी घरांचे पाये दिसत होते. लहान लहान खोल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

जूननं पाटी वाचली. बायका, पोरं, असं हातानं उंची दाखवून सांगितलं. दुकान. दारू. शिपायांची माणसं.

राधाबाईंचा गोंधळ झाला. म्हणजे ही माणसं भिंतीच्या आत, पण किल्ल्याच्या बाहेर. मग त्यांना आतली म्हणायचं का बाहेरची? त्या तिथल्या एका दगडावर बसल्या. उंबरठ्याचा दगड असावा, मधोमध झिजलेला. आणि का कोण जाणे, त्या मराठीत बोलायला लागल्या.

"आमचंबी घर असंच होतं बघ. गावाला वेस होती, गावकूस होतं. आमची आठ घरं त्याच्या बाहेर. जवळच, हाकेवर. आमच्या बापानं वेशीचं काम केलं, दगड लावले, आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर..."

त्या पुष्कळ बोलल्या. रतनलाही एवढं कधी सांगितलं नव्हतं. समोरच्या पोरीला एक अक्षर कळत नव्हतं म्हणूनच बोलता येत होतं. जून मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत नीट ऐकत होती.

त्या थांबल्यावर जूनला वाटलं असावं की आता आपली पाळी. तीही बोलायला लागली, इंग्रजीत, भराभर. राधाबाईंना मधून मधून 'रतन' एवढंच उमगत होतं. बोलता बोलता तिचे डोळे भरले. वाऱ्यानं म्हणा की रडं दाबायला म्हणा, तिनं दोन्ही हातांनी पोट कवळून धरलं. मग तिनं आठवून आठवून मराठी शब्द काढले.

"आई. घर... नको." तिनं मान हलवली. "रतन... नको."

राधाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. घरी नको. रतनला नको. काय नको? सांगायला नको! सकाळपासून पोटात अन्न नाही. हात पोटावर. डोळ्यांत पाणी. अगं बाई!

"नाही सांगत," राधाबाई उठून तिला धरत म्हणाल्या. "घरी नाही सांगत, रतनला नाही सांगत. तू सांगशील तेव्हाच. वेडी, रडतेस काय?" त्यांनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, लाडवाचा कागद सोडला आणि अख्खा लाडू तिच्या तोंडात घातला.

जून लाडू चावता चावता हुंदके देत राहिली. "थँक्यू, आई," ती म्हणाली. "थँक्यू." तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं. उतरताना राधाबाईंनी तिला पिशवी उचलू दिली नाही आणि निसरड्या दगडांवर दंड धरून चालवलं. जूनला वाटलं, म्हातारी घाबरतेय. तिनंही त्यांचा हात घट्ट धरला.

पुढच्या शनिवारी विमान होतं. सोमवारपासून रोज राधाबाईंनी दुपारी दार लावून घेतलं. घरात नेसायचं एक जुनं मऊ लुगडं त्यांनी आणलं होतं, ते फाडलं आणि बाळाला दुपटं शिवायला घेतलं. संध्याकाळी जूनला दूध प्यायला लावायच्या. ती "नको" म्हणाली की डोळे वटारायच्या. रतन बघायचा आणि काही न कळून आपल्या ताटात बघायचा.

गुरुवारी तीन बाजूंना दोरे घालून झाले होते. जून कामावरून आली तेव्हा रतन यायचा होता. राधाबाईंना राहवेना. त्यांनी दुपटं तिच्या मांडीवर ठेवलं.

जूननं ते उलगडलं. हात फिरवला. "छान," ती म्हणाली. मग त्याचा आकार तिच्या लक्षात आला आणि तिनं वर पाहिलं. राधाबाईंनी हाताचा पाळणा करून हलवला, तिच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

जूनचा चेहरा पांढरा पडला. नेमका त्याच वेळी रतन आत आला. "आई, हे काय आहे?"

जून त्याच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलली. तो बूट न काढताच जिन्याच्या पायरीवर बसला.

"आई," तो म्हणाला, "बाळ वगैरे काही नाही. जून इथं राहत नाही. दीड वर्ष झालं. नदीच्या पलीकडे तिची बहीण असते, तिथं राहते. तू येणार म्हणून मी तिला विनवलं, तीन आठवडे ये. तुला आणि बाबांना कसं सांगायचं ते मला सुचेना."

राधाबाई उभ्याच राहिल्या. साखर, बॅग, सोफा, भिंतीवरचे डाग सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं, पण तरीही कळलं असं वाटेना.

"हिनं काय केलं?"

"काही नाही."

"मग तू काय केलंस?"

"मीही काही नाही केलं, आई. नाही जमलं."

"काही नाही केलं म्हणून कुणी घर सोडतं?"

"सोडतात," रतन म्हणाला.

जून मध्येच बोलली. रतननं ते सांगितलं, पण जमिनीकडे बघत. "ती म्हणते, तिला खोटं सहन होईना. त्या दिवशी सकाळी आमचं त्यावरूनच झालं. मग तिनं तुला भिंतीपाशी सगळं सांगितलं. तू तिला जवळ घेतलंस, लाडू दिलास. तिला वाटलं, तू समजून घेतलंस."

मग जूनच्या घशातून कसलासा आवाज आला. ती हसत होती की रडत होती हे राधाबाईंना ठरवता येईना, आणि त्यांचं स्वतःचंही तेच झालं होतं. कुणावर चिडावं? मुलानं फसवलं होतं. पोरीनंही फसवलं होतं, पण खरं सांगणारीही तीच. आणि नवऱ्याला सोडून गेलेली बाई सासूचे पाय धुवायला परत का येते? हे मात्र त्यांना काही केल्या सुटेना.

शनिवारी जून स्टेशनवर आली. पाया पडायला वाकली तेव्हा 'अखंड' असं काहीतरी राधाबाईंच्या तोंडाशी आलं आणि तिथंच अडलं. त्या नुसत्या "सुखी राहा" म्हणाल्या.

घाटकोपरला पोचल्यावर वनमालानं हौसेनं बॅग उघडायला घेतली. साबण, चॉकलेटं, कुंडलिकांचा स्वेटर, आणि तळाशी दुपटं. "अगो बाई! आजी झालंस काय गो?" ती दारातूनच ओरडली. अर्ध्या वस्तीनं ऐकलं. कुंडलिक खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"नाही गं," राधाबाई म्हणाल्या. "वेळ जात नव्हता म्हणून शिवलं."

सगळे गेल्यावर त्यांनी कुंडलिकांना सगळं सांगितलं, साखरेच्या बरणीपासून. कुंडलिकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "दीड वर्ष. मग दर पत्राच्या खाली 'जूनचा नमस्कार' कोण लिहीत होतं?"

"रतनच."

"हं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पोरगी वाईट नाय वाटत."

"वाईट नाहीच. तेच तर कळत नाही."

ऑगस्टमध्ये राधाबाईंच्या नावानं निळं पत्र आलं. कुंडलिकांना छापील इंग्रजी वाचता यायचं, हाताचं लागत नव्हतं. वनमालाची मुलगी अनुपमा कॉलेजात होती, तिला बोलावलं. ती उंबऱ्यात बसून वाचायची आणि मराठीत सांगायची. जून बरी होती. लायब्ररी चालू होती. रतन मध्ये भेटला होता, त्यालाही बरं होतं. कागदपत्रं व्हायची होती ती होतील.

"पुढे लिहिलंय," अनुपमा म्हणाली, "'मागच्या रविवारी मी एकटीच पुन्हा भिंतीवर गेले. तुम्ही बसला होता त्या उंबरठ्यावर बसले. त्या दिवशी मी काय बोलले ते आता तुम्हाला माहीत आहे. तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही. तुम्ही खूप वेळ बोलत होता. मला ते हवं आहे.'" तिनं वर पाहिलं. "काय सांगितलंत हो, काकू?"

राधाबाईंनी तिच्या हातातून पत्र घेतलं आणि त्याची घडी घातली. वनमालाचा आणि त्यांचा शेजार चौदा वर्षांचा. डाळ-पीठ उसनं चालायचं, आजारपणं काढली होती, पण ही गोष्ट दोन खोल्यांच्या मध्ये कधी बोलली गेली नव्हती. माहीत सगळ्यांना सगळं होतं. बोलायचं म्हणजे जूनला सांगण्याआधी ते अनुपमाच्या कानातून, तिच्या पेनातून जाणार.

"उद्या बघू," त्या म्हणाल्या.

उद्याचे चार दिवस झाले. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच अनुपमाला हाक मारली. सांगायला लागल्या. अनुपमा लिहिता लिहिता दर ओळीला अडायची. "वेस म्हणजे गेट लिहू?" "गेट नव्हे गं." "मग?" "गावाचं तोंड." "आणि गावकूस? वॉल?" "वॉलच लिही. तेवढं तिला कळेल." बापाचं नाव, आठ घरं, शाळेच्या ओट्यावर बाहेर बसून ऐकलेली बाराखडी, लग्न होऊन मुंबईला आल्यावर पहिल्या दिवशी वाटलेली भीती. अनुपमाची मान खाली होती. एकदा तिनं पेन थांबवलं आणि पुन्हा लिहायला लागली. तीन पानं झाली. कुंडलिक स्वतः पोस्टात जाऊन टाकून आले.

उत्तर यायला नोव्हेंबर उजाडला. लहानसंच होतं. अनुपमानं वाचलं. "'मी ते दोनदा वाचलं. काही शब्द कळले नाहीत, पण पुष्कळ कळलं. एक तुम्ही लिहिलं नाहीत. विहीर कुठल्या बाजूला होती?'"

राधाबाईंचे हात निवडायच्या तांदळात तसेच राहिले. तीन पानं सांगितली आणि नेमकं ते राहिलं होतं. का मुद्दामच ठेवलं होतं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि त्या गोऱ्या पोरीला हेच विचारायचं कसं सुचलं? रतननं सांगितलं? रतनला तरी त्यांनी कुठं सांगितलं होतं?

"लिहू काही?" अनुपमानं विचारलं.

"लिही. आतल्या बाजूला."

अनुपमानं लिहिलं. मग पेन न उचलताच म्हणाली, "मग तुम्ही पाणी कसं आणायचात?"

"उभं राहायचं. विहिरीपासून लांब. कुणाला दया येऊन वरून ओतलं तर घ्यायचं."

"किती वेळ उभं राहायचं?"

हे पत्रासाठी विचारतेय की स्वतःसाठी, ते राधाबाईंना कळेना. त्यांनी सूप बाजूला सारलं, जरा सरकून उंबऱ्यात तिच्याशेजारी बसल्या आणि सांगायला लागल्या.